चित्रातले लुगडे

आपल्याकडील इतिहासाच्या साधनांत पुरुषांच्या पोशाखाचा उल्लेख पानोपानी आढळतो. कोणास शेलापागोटे दिले, कोणास मानाची वस्त्रे मिळाली, याची नोंद बखरकाराने आणि कारकुनाने आवर्जून करून ठेवली. स्त्रीच्या वस्त्राची नोंद मात्र बहुधा खर्चाच्या यादीत सापडते. लुगडी इतकी, खण इतके, किंमत इतकी; एवढ्यावर काम भागते. ते लुगडे तिने कसे नेसले, ओचा कितपत वर खोवला, पदर डोक्यावरून घेतला की कमरेला बांधला, हे लिहून ठेवण्याजोगे कोणालाच वाटले नाही.

लुगड्यानेही आपली साक्ष मागे ठेवली नाही. पैठणी पेटीत राहते, लग्नकार्यात बाहेर निघते, आजीकडून नातीकडे जाते. तिचे रेशीम विरले तरी जरीतली चांदी काढून घेण्यासाठी ती जाळली जाते. रोजच्या सुती लुगड्याचे आयुष्य निराळे असते. ते फाटले म्हणजे त्याचे दोन धडके तुकडे जोडून पुन्हा नेसायचे; तेही विटले म्हणजे त्याची बाळोती करायची, उरलेले गोधडीच्या पोटात घालायचे, आणि अगदीच चिंधी झाली तर दिव्याची वात वळायची. ज्या वस्त्रात आपल्या लोकांतील बहुसंख्य स्त्रियांचा जन्म गेला ते वस्त्र असे वापरून वापरून संपून गेले. संग्रहालयाच्या कपाटात ठेवायला त्यातले फारसे काही उरले नाही.

म्हणून गेल्या दीडशे वर्षांतील मराठी स्त्रीच्या नेसण्याचा इतिहास शोधू जाणाऱ्याला शेवटी चित्रकाराच्या दारात जावे लागते. परंतु तेथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चित्रकार हा काही कारकून नव्हे. तो निवड करतो. कोणते वस्त्र चित्रात घ्यायचे, कोणते बाहेर ठेवायचे, हे तो ठरवतो. आणि त्याने घेतलेले वस्त्र पुढे लोकांच्या डोळ्यांत असे काही बसते की, पूर्वीपासून हेच होते असे सर्वांना वाटू लागते. आज आपण ज्याला डोळे झाकून परंपरा म्हणतो त्यातला बराच भाग रंगाच्या डब्यातून आलेला आहे, असे मला वाटते.

ही निवड दोन प्रकारांनी होऊ शकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या चित्रकारांनी त्यातला एक प्रकार हाती घेतला. बोदलेर या कवीने १८६३ मध्ये आधुनिक जीवनाच्या चित्रकारावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. जुन्या काळचे झगे चढवलेल्या माणसांपेक्षा आजच्या कपड्यांतला आजचा माणूस चित्रकाराने पाहावा, असा त्याचा रोख होता. तीनच वर्षांनी, १८६६ मध्ये, क्लोद मोने याने कामिय नावाच्या तरुणीचे मोठे चित्र प्रदर्शनात मांडले, आणि लोकांचे डोळे तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या हिरव्या पट्ट्यांच्या रेशमी झग्यावर खिळले. पुढे सरा याने नदीकाठच्या रविवारचे प्रसिद्ध चित्र १८८६ मध्ये पुरे केले. त्यातील बायकांचे मागे फुगवलेले झगे पाहून जाणकार आजही त्याचा काळ ओळखतात. तिकडे कपड्यांची तऱ्हा दर मोसमाला बदलत असे, आणि हे बदलणे हेच चित्रकाराला हवे होते. वस्त्रावरून त्याने 'आज' पकडला.

आपल्याकडे नेमके उलट घडले. येथे चित्रकाराने वस्त्रावरून 'सदासर्वदा' पकडण्याचा यत्न केला.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्यांच्या घरच्या स्त्रिया साडी नेसत नसत. केरळातील नेसणे म्हणजे पांढरे मुंडू आणि वर उपरण्यासारखे दुसरे वस्त्र. १८९३ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीचे, कडेवर मूल घेतलेले चित्र काढले, त्यात हेच घरचे पांढरे वस्त्र आहे. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली आणि तेथे त्यांचा गौरव झाला. म्हणजे आपल्या मुलखातील वस्त्राविषयी त्यांना तुच्छता होती असे मुळीच नाही. परंतु बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे काढून घ्यावयाचे ठरवले, तेव्हा त्यांच्यापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. सीता, दमयंती, द्रौपदी यांना काय नेसवायचे? केरळचे मुंडू उत्तरेकडे परके वाटले असते, उत्तरेचा घागरा दक्षिणेकडे. हे काम हाती आल्यावर ते धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन उत्तरेकडे प्रवासास निघाले. पुराणातील पात्रांना शोभेल असा पोशाख शोधणे हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. अखेर त्यांच्या नायिकांच्या अंगावर काठापदराची साडी आणि चोळी आली. आणि ती साडी पाहण्याची त्यांची नजर पुष्कळशी बडोदे, मुंबई आणि दख्खन या मराठी वावराच्या मुलखात तयार झाली.

ही निवड किती धीटपणाची होती ते समजण्यासाठी अजिंठ्याकडे पाहावे. अजिंठ्याच्या भिंतींवर पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीच्या राण्या आहेत, दासी आहेत, नर्तकी आहेत. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, वर दागिने, कोणाच्या अंगात शिवलेली चोळी किंवा बंडी, आणि कित्येकींच्या अंगावर कमरेच्या वर काहीच नाही. आपण ज्याला पदर म्हणतो तो तेथे शोधूनही सापडावयाचा नाही. ही भित्तिचित्रे त्या वेळी अज्ञात होती असेही नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांच्या प्रतिकृती करविल्या होत्या. तेव्हा प्राचीन भारतातील स्त्री कशी दिसे याचा पुरावा हाताशी होता. परंतु लोकांना पुरावा नको होता. त्यांना अशी शकुंतला हवी होती की जिच्यात आपली लेक, आपली सून दिसेल, आणि जिचे चित्र बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसमोर लावता येईल. रविवर्म्यांनी त्यांना ती दिली. एकोणिसाव्या शतकातील चालू पेहराव त्यांनी उचलला, आणि तो पुराणकाळापासून चालत आला आहे असे तो ल्यालेल्या देवतांच्या तोंडून वदवले.

तरीही रविवर्म्यांना भारतातील पेहरावांची विविधता दिसत नव्हती असे कोणी समजू नये. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात त्यांचे वाद्ये घेतलेल्या स्त्रियांचे चित्र आहे. त्यात अकरा स्त्रिया आहेत आणि त्या निरनिराळ्या प्रांतांच्या व समाजांच्या पोशाखात आहेत. विविधता चित्रात आली, ती अशी मैफलीत एकत्र बसून. देवीच्या आसनावर मात्र एकच पेहराव चढला.

तेवढ्यावर थांबले असते तर ते राजवाड्यातच राहिले असते. चित्रे छापून घरोघर पोहोचवावीत, ही सूचना रविवर्म्यांना सर टी. माधवराव यांनी पूर्वीच केली होती. १८९४ मध्ये मुंबईस गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मन होते. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून लक्ष्मी आणि सरस्वती अशा निघाल्या की, ज्या घरात देवाच्या टाकाशिवाय दुसरी मूर्ती नव्हती त्या घराच्या भिंतीवरही त्या जाऊन बसल्या. लक्ष्मी कमळावर उभी आहे आणि सरस्वती वीणा घेऊन बसली आहे. दोघींच्या साड्यांना सोनेरी काठ आहे. मौज अशी की, अनेक घरांतील बायकांनी या छापील देवींना खरे वस्त्र नेसवले. चित्रातल्या साडीवर खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवायचा, काठावर जर आणि टिकल्या लावायच्या, आणि मग ते काचेत घालायचे. आपल्यासारखी दिसणारी देवी त्या बायकांना मिळाली, तिला त्यांनी आपल्या हातांनी आणखी नटवले, आणि त्यानंतर तिच्यासारखे दिसण्याची धडपड सुरू केली.

यात रसायनशास्त्राचाही वाटा आहे. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किन याला डांबरापासून जांभळा रंग सापडला. त्यानंतर कृत्रिम मंजिष्ठाचा लाल आणि १८९७ पासून जर्मन कारखान्यातील निळ्याचा व्यापार वाढला. आपल्या रंगाऱ्यांच्या आल आणि निळीच्या पिंपांत हे विलायती रंग शिरले. लुगड्यांचे रंग उजळ आणि स्वस्त झाले. देवीच्या चित्राची शाई आणि बाईच्या लुगड्याचा रंग एकाच शोधाच्या पोटातून आले, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. नऊवारी लुगड्याचा प्राण कासोट्यात असतो. निऱ्या पुढे, ओचा पोटाशी, आणि दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोवलेला कासोटा. त्यामुळे बाई शेतात वाकू शकते, घोड्यावर बसू शकते, डोक्यावर पाटी घेऊन ओढा ओलांडू शकते. लुगडे हे कष्टाचे वस्त्र आहे ते कासोट्यामुळे. आता भिंतीवरची देवी आठवून पाहा. ती आपल्याकडे तोंड करून उभी असते किंवा बसलेली असते. दर्शन समोरूनच घ्यायचे असते. पाठ दिसत नाही, आणि पाठीबरोबर कासोटाही दिसत नाही. समोरून दिसतात त्या निऱ्या, काठ आणि पदर. तेव्हा या चित्रांनी शोभेचा भाग उचलला आणि कामाचा भाग चौकटीमागे ठेवला. देवीला शेतात जायचे नव्हते, हे खरे. पण तिच्यासारखे दिसावे असे ज्यांना वाटू लागले त्यांना जायचे होते.

या चित्रांसाठी समोर कोण बसे, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. त्या काळी घरंदाज म्हणविणारी स्त्री परक्या पुरुषापुढे तासन्‌तास बसणे शक्य नव्हते. त्यामुळे चित्रकारांना गाणे-बजावणे करणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांचा आधार घ्यावा लागे. थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्या रूपाचा आधार रविवर्मा आणि धुरंधर या दोघांनीही घेतल्याचे परंपरेने सांगितले जाते. समाजाने ज्या स्त्रियांना उंबऱ्याबाहेर उभे केले त्यांच्या नेसण्याची ऐट देवघरात जाऊन बसली, आणि त्याच घरातल्या सुनांना ती आदर्श म्हणून दाखवली गेली. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

चित्रावरून हा पेहराव रंगभूमीवर गेला. संगीत नाटकांतील नायिका म्हणजे जणू रविवर्म्यांच्या चौकटीतून खाली उतरलेल्या. बालगंधर्वांनी १९११ मध्ये 'मानापमान' नाटकात भामिनी उभी केली, आणि तेव्हापासून पुढली कित्येक वर्षे मराठी मध्यमवर्गातील स्त्रिया साडी, गजरा आणि दागिने कसे ल्यावे हे एका पुरुषाकडून शिकत राहिल्या. याच सुमारास चित्र हलू लागले. दादासाहेब फाळके यांनी ठशांचे आणि छपाईचे काम रविवर्मा छापखान्याच्या निमित्ताने केले होते. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला त्यातील तारामतीही पुरुषच होती. पुरुषाने रंगविलेली, पुरुषाने वठविलेली आणि पुरुषाने छापून विकलेली अशी ती मराठी स्त्री होती. प्रत्यक्ष स्त्रीकडे तेव्हा फक्त पाहण्याचे आणि अनुकरण करण्याचे काम उरले होते.

या प्रवाहाच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत होता, आणि त्याचे श्रेय महादेव विश्वनाथ धुरंधर यांना दिले पाहिजे. कोल्हापुरास १८६७ मध्ये जन्मलेले हे चित्रकार १८९० मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकण्यास आले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पौराणिक चित्रे त्यांनीही काढली, पण त्यांची खरी हातोटी रस्त्यावर दिसते. मुंबईच्या गल्ल्यांतील माणसे त्यांनी एडवर्ड्‌स यांच्या पुस्तकासाठी १९१२ मध्ये काढली. ओटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याने भारतातील स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९२० मध्ये निघाले, त्यासाठी धुरंधरांनी अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे दिली. निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि धंद्यांच्या स्त्रिया त्यात आहेत. हे पुस्तक साहेबाच्या नजरेतून लिहिलेले आहे; जातवार नमुने मांडण्याची त्या काळची हौस त्यात पुरेपूर दिसते. परंतु चित्रकार आपला आहे. बाईने पदर कसा सावरला आहे, पाऊल कसे टाकले आहे, हे त्याने ममतेने पाहिले आहे. लग्नाच्या पंगती, हळदीकुंकू, बाजारातली घासाघीस या चित्रांत लुगडे अंगावर वावरताना दिसते. रविवर्म्यांचे लुगडे पाहावे, धुरंधरांचे वाचावे.

धुरंधरांच्या आधी पेस्तनजी बोमनजी या पारशी चित्रकाराने १८८२ मध्ये पोपटाला चारा घालणाऱ्या पारशी स्त्रीचे चित्र काढले होते. तेही घरातले, रोजचे आणि शांत आहे. पारशी स्त्रियांचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी केला पाहिजे. आज जिला आपण गोल साडी म्हणतो तिच्या घडणीत त्यांचा हात आहे. ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवी १८६० नंतरच्या दशकात पतीबरोबर मुंबई इलाख्यात राहिल्या. तेथील पारशी स्त्रियांची साडी, पोलके आणि परकर पाहून त्यांनी जी तऱ्हा बंगालात नेली ती पुढे शिकलेल्या स्त्रियांत देशभर पसरली. म्हणजे ज्या वर्षांत रविवर्मा देवींचा पेहराव ठरवीत होते त्याच काळात हाडामांसाच्या स्त्रियाही स्वतःचा पेहराव ठरवीत होत्या. १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानची, सीरियाची आणि आपली आनंदीबाई जोशी, अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई वीस वर्षांची होती. त्या चित्रातले वस्त्र कोणी नेसवलेले नव्हे. परमुलखात ते टिकवण्यासाठी तिने किंमत मोजली होती.

शाळा, कचेऱ्या आणि आगगाड्या जसजशा वाढल्या तसतसे नऊ वारांचे सहा वार झाले. कासोटा सुटला, परकर आला. शहरात हा बदल चाळीस-पन्नास सालांच्या दरम्यान पुष्कळसा पुरा झाला. चित्रांतही तो उतरला, पण तिथे त्याची गत मोठी गमतीची झाली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' वार्षिक सुरू केले, आणि त्यांच्या व रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्यांनी दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ म्हणजे सुंदर स्त्री, असे समीकरण रूढ केले. वाचणारी गृहिणी सहावारीत आणि मुखपृष्ठावरची नायिका नऊवारीत, असे दृश्य घरोघर दिसू लागले. जे वस्त्र रोजच्या वापरातून जाऊ लागले होते ते सणाच्या चित्रात कायमचे मुक्कामाला आले. आठवणीत जायच्या वाटेवर असलेल्या गोष्टी मुखपृष्ठावर फार शोभतात.

सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र या सर्वांहून निराळे वाटते. १९४५-४६ च्या सुमाराचे हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि पाहणारे पुष्कळ वेळा ते रविवर्म्यांचेच समजतात. त्यासाठी उभी राहिली ती चित्रकाराची स्वतःची कन्या गीता. ती पुढे शंभर वर्षांहून अधिक जगली. तिच्या अंगावर देवीचा थाट नाही. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून प्रकाश येतो आणि साध्या साडीच्या चुण्यांवर पसरतो, इतकेच. रविवर्म्यांनंतर अर्ध्या शतकाने साडीला मोठेपण द्यायला देवतेची गरज उरली नाही. घरातली मुलगी पुरली.

आता आमच्याकडे वळतो. आमचा नांदेड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यात होता. मुंबईच्या छापखान्यातील देवी येथेही आल्या, पण चित्रकाराची राजधानी आम्हांला हैदराबाद होती. तेथे लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र छायाचित्रशाळा उघडली आणि एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली ती चालवली. अमीर-उमरावांच्या बायका तेथे जाऊन आपली छबी काढून घेत. शेतकऱ्याच्या बायकोला ती वाट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या हिमायतनगरच्या आठवडी बाजारात, जुन्या वाढोण्यात म्हणा, तीन-चार प्रकारची वस्त्रे एकमेकींना खेटून चालत. इकडे इरकली किंवा नारायणपेठी लुगडे आणि खणाची चोळी, तेलंगणाकडून आलेल्या बायकांचे निराळे नेसणे, आणि किनवट-माहूरकडील तांड्यांवरून आलेल्या बंजारा स्त्रियांचा आरशांनी चमकणारा घेरदार फेटिया आणि कांचळी. रविवर्म्यांच्या अकरा स्त्रियांची मैफल राजवाड्यात जमली होती. आमची दर आठवड्याला धुळीत जमे.

या धुळीतल्या वस्त्राकडे पाहणारे डोळे चित्रकलेत उशिरा आले. अमृता शेरगिल पॅरिसहून १९३४ च्या अखेरीस परतली. १९३६ च्या शेवटी ती अजिंठ्यास आली आणि तेथून दक्षिणेकडे गेली. त्यानंतर १९३७ मध्ये तिने नवरीचा शृंगार हे चित्र काढले. त्यात दागिन्यांचा लखलखाट नाही, झुळझुळीत काठ नाहीत. मातकट रंगांचे सपाट पट्टे आहेत आणि नटवली जाणारी मुलगी थकल्यासारखी बसली आहे. नटणे हा तिच्या दृष्टीने सोहळा नसून सोसण्याचा एक प्रकार आहे, असे त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर वाटते. नटवल्या जाणाऱ्या बाईकडे एक बाई पाहत होती, हा त्यातला मोठा फरक आहे.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपुरास झाला. ते दीड-दोन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. तिचे नऊवारी लुगडे मात्र ऐकून आणि कल्पून त्यांच्या मनात राहिले. पुढे त्यांच्या चित्रांतून अनेक स्त्रिया चेहऱ्यावाचून आल्या. मदर तेरेसांची मालिका त्यांनी काढली, तिच्यातही चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे आणि भोवती निळ्या काठाचे पांढरे लुगडे आहे. ज्याला आईचा चेहरा मिळाला नाही त्याने तिच्या वस्त्राला चेहरा मानले. शेकडो वर्षे चित्रकारांनी वस्त्र हे रूपाचे आवरण समजून रंगवले होते. येथे वस्त्र हेच माणूस झाले.

नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांनी मुंबईच्या कोळणी रंगवल्या. उंच, सडसडीत, डोक्यावर टोपली घेतलेल्या या बायका घट्ट नेसलेल्या लुगड्यात उभ्या असतात, आणि त्यांच्या डोळ्यांत बाजाराची गडबड नसून एक प्रकारचा एकटेपणा असतो. सीमेपलीकडच्या करीमनगर भागातील थोटा वैकुंठम यांनी तेलंगणाच्या खेड्यातील सावळ्या, ठसठशीत कुंकवाच्या, भडक काठांच्या बायका इतक्या प्रेमाने रंगवल्या की, तो पेहराव आता त्यांच्या नावाने ओळखला जातो. लहानपणी गावात येणाऱ्या नाटकमंडळींतील स्त्रीवेषधारी पुरुषांची छाप आपल्या चित्रांवर आहे, असे ते सांगत आले आहेत. बालगंधर्वांचा धागा असा दुसऱ्याच भाषेत जाऊन निघतो. आमच्या बाजारातल्या इरकलीला असा चित्रकार हवा आहे.

आता न काढलेल्या चित्रांविषयी. तांबडे आलवण नेसून, केस काढून माजघरात बसलेली विधवा कित्येक घरांत होती. भिंतीवर लावायच्या चित्रांत तिला जागा नव्हती. दोन तुकडे जोडलेले लुगडे चित्रात येत नसे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईचा खोचलेला पदर येत नसे. भिंतीवर सौभाग्य लावतात, अडचण लावत नाहीत. परिणाम असा झाला की, या वस्त्रांच्या आठवणीही लवकर बुजल्या, आणि आपल्या पूर्वजा सदैव भरजरी काठांत वावरत होत्या असा एक गोड गैरसमज पुढच्या पिढीला वारसा म्हणून मिळाला.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. आज लग्नात नवरीसाठी शिवलेली नऊवारी मिळते. तिला निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला. पायजम्यासारखी चढवली की झाले. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक पिढीने वस्त्र आपल्या सोयीने बदललेच आहे, आणि वर सांगितलेला सारा इतिहास तेच सांगतो. पण ती घालणारी मुलगी आजीसारखी दिसते असे आपण म्हणतो, ते खरे नसते. ती चित्रपटासारखी दिसते, चित्रपट मुखपृष्ठासारखा, मुखपृष्ठ छापील लक्ष्मीसारखे, आणि ती लक्ष्मी एका केरळीय चित्रकाराने बडोद्याच्या मराठी राजासाठी केलेल्या निवडीसारखी. या साखळीत आजी कोठेच नाही. वर्गात 'माझी आई' असे चित्र काढायला सांगितले की आजही बहुतेक मुले पदर घेतलेली बाई काढतात, तिची आई पंजाबी ड्रेसमध्ये त्याला शाळेत सोडून गेलेली असली तरी. डोळ्यांना दिसणाऱ्या आईपेक्षा चित्रातून शिकलेली आई बळकट ठरते, याहून चित्राच्या सत्तेचा दुसरा पुरावा काय हवा?

रविवर्म्यांना दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. त्यांनी एका विखुरलेल्या देशाला डोळ्यांसमोर धरता येईल असे रूप दिले, आणि लाखो गरीब घरांत रंग नेला. त्यांच्या चौकटीत जे मावले नाही ते भरून काढणे हे नंतरच्यांचे काम होते, आणि ते अजून संपलेले नाही. खेडोपाडी जुन्या रीतीने लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या आता मोजक्याच उरल्या आहेत. कोणाची नेसण्याची तऱ्हा जातीची, कोणाची गावची, कोणाची कामाची. त्यांच्याबरोबर ती जाणार. घरोघर मोबाईलमध्ये छायाचित्रे निघतात, आणि आजीलाही दिवाळीत पाटावर बसवून, नवे पातळ नेसवून, समोरून टिपले जाते. यंदा तिला एवढे विचारावे की, रानात जाताना तू कशी नेसत होतीस? ती हसेल, आढेवेढे घेईल, आणि मग नेसून दाखवील. त्या वेळी तिचे एक चित्र पाठमोरेही घ्यावे.